खैऱ्याचं डावं शिंग

१४ जुलै, सोमवार
सकाळी ठिपक्यांची पाटी समोर धरून स्कॅनिंगची मशीन जुळवली. तीनदा. प्रकाशभाऊ म्हणतात एकदा पुरते. सौसरातलं हे दुकान त्यांचं, मशीन त्यांची, पण चालवतो मी. दुसऱ्या वेळचा आकडा सगळ्यात चांगला आला, तो ठेवला.

जिनिंगवाल्यांचं दातेरी चाक आज पूर्ण. दोन दात तुटलेले होते. स्क्रीनवर एक चांगला दात उचलला, तुटक्या जागी बसवला, चाक फिरवून पाहिलं. कुठेही अडलं नाही. भाऊंनी मागे उभं राहून पाहिलं, चहा मागवला. म्हणजे बरोबर.

आता हात बसला आहे. हे लिहायला हरकत नाही.

१७ जुलै, गुरुवार
दुपारी रामाकोन्याहून एक काकू आल्या, एकट्याच, बसने. बसल्या, पाणी प्यायल्या, मग भाऊंना विचारलं, "तुमच्याइथं जशीच्या तशी वस्तू बनते म्हणतात, खरं काय जी?"
"कशाची बनवाची आहे?"
"नंदीची."

त्यांच्या घरी लाकडी नंदी आहे, चाकांचा, दीड फुटाचा. काकूंच्या आजेसासऱ्यांनी स्वतः कोरलेला. दर तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, घरची मुलं तो घेऊन तोरणाखाली उभी राहतात. काकूंचे यजमान वामनराव शेती करतात. धाकटे दीर गुणवंत पांढुर्ण्यात मास्तर. त्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार, दोन गटांची दगडफेक, असते, म्हणून मास्तर मुलं घेऊन रामाकोन्यालाच यायचे. एक वर्ष नंदीची दोरी थोरल्याच्या पोराकडे, एक वर्ष धाकट्याच्या पोरीकडे. गेल्या वर्षी दोघा भावांचं म्हणणं, यंदा आमची पाळी. गावासमोर दोघांनी नंदी धरला आणि ओढला. डावं शिंग निघालं. नंदी थोरल्याकडे राहिला, शिंग धाकट्याच्या मुठीत राहिलं, ते घेऊन ते तसेच गाडीवर बसून निघून गेले. तेव्हापासून बोलणं नाही. दिवाळीलाही आले नाहीत.

भाऊंनी विचारलं, "लेकरं लई भांडली काय मग?"
"लेकरं कायले भांडतात जी. लेकरं तर फुगे घेऊन राहिले होते."

काकूंचा बेत असा: दोन नवे नंदी, दोन घरांना दोन. जुना देवाजवळ राहील. तान्ह्या पोळ्याला दोघं भाऊ आपापला नंदी घेऊन एका तोरणाखाली उभे राहिले की झालं. "पण दोन्ही सारखे पाहिजे, बापू. एकाचा कान जरी लहान निघाला ना, तर हे दोघं अजून दहा वर्षं बोलत नाहीत."

मी म्हटलं, सारखेच निघतील. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी सहसा असं बोलत नाही.

गुणवंत मास्तर म्हणजे गुणवंत सर. आठवीत मला गणिताला होते. काकूंना सांगितलं नाही.

१९ जुलै, शनिवार
रामाकोना. मशीन गोधडीत गुंडाळून भाऊंच्या गाडीवर, मी मागे दोन्ही हातांनी धरून. रस्ताभर खड्डे मोजले.

फोटो काढणार म्हणून काकूंनी आदल्या दिवशी नंदीला जवसाचं तेल चोळून ठेवलेलं. आधीच गडद खैरा रंग, त्यावर ही चमक. प्रोजेक्टरचे पट्टे टाकले की पाठीवर नुसता उजेड सांडायचा, स्क्रीनवर पाठीच्या जागी भोकं. पुसलं, तरी तेच. मी सांगितलं, पांढरी पावडर भुरभुरावी लागेल, नंतर झटकून देईन.

काकू म्हणाल्या, "पावडर कायले? नंदीले भस्म लाव ना. त्याले चालते ते."

चुलीतली गोवरीची राख आणली. मी ती पातळ कापडातून दोनदा चाळली आणि दाढीच्या ब्रशने लावली. पट्टे असे उठून दिसले की मीच थांबून बघत बसलो. पावडरीपेक्षा चांगलं. लक्षात ठेवायचं: बारीक राख, दोनदा चाळलेली.

खिडक्यांना घोंगड्या लावल्या, दार लोटलं. तरी शेजारच्या बाया आत. एकीने विचारलं, "हे काय करून राहिला गा पोरगा?" काकू म्हणाल्या, "नंदीचा एक्सरा." मी सांगितलं, एक्सरे नाही. सपाट जागेवर पट्टा सरळ पडतो, फुगवट्यावर वाकतो. किती वाकला ते हे दोन कॅमेरे बघतात, त्यावरून कंप्युटर आकार काढतो. आतलं काही दिसत नाही, फक्त वरचं. ती म्हणाली, "मंग काकूच सांगून राहिली ते बरं होतं."

वामनकाका खाटेवर होते. पूर्ण वेळ बघत होते, पण मी मान वळवली की पंचा झटकायचे. निघताना एवढंच बोलले, "शिंग त्याच्यापाशी आहे. मी मागाले जाणार नाही, आधीच सांगतो." मी म्हटलं, बघतो.

बावीस बाजूंनी घेतलं. वशिंडाच्या मागची बाजू दोनदा.

२० जुलै, रविवार
सगळे तुकडे जोडले. नंदी स्क्रीनवर उभा. पटाशीचे घाव दिसतात, मानेवर एक ठिकाणी हात घसरलेला तोही दिसतो. फक्त डाव्या शिंगाच्या जागी फुटकं लाकूड.

भाऊ म्हणाले, "उजवं आहे ना? आरशासारखं पलटव आन् लाव. चाकाचा दात नाही का लावला तू? मास्तरच्या घरी जाची गरज नाही."

पलटवलं. लावलं. इतकं साफ बसलं की सांधा शोधावा लागत होता. मला बरं वाटलं. सरांच्या घरी जावं लागणार नाही याचं जास्त बरं वाटलं, हेही इथे लिहून ठेवतो.

२८ जुलै, सोमवार
कोरायच्या मशीनवर पहिला नंदी कोरून झाला. सागवान. दोन अर्ध्यांत कोरून चिकटवला. कॅलिपर लावून सतरा ठिकाणी मोजला, सतराही ठिकाणी बरोबर. काकूंना फोन केला, उद्या दाखवायला आणतो.

२९ जुलै, मंगळवार
वामनकाकांनी नंदी मांडीवर घेतला. आधी पाहिलाच नाही, हात फिरवला. पाठ, वशिंड, मान. मान हलवत होते, हाव, हाव. मग हात डाव्या शिंगावर गेला आणि थांबला.

"हा खैऱ्या नाही."

मी विचारलं, खैऱ्या कोण.

आजोबांचा बैल. जोडीतला डावा. गोऱ्हा असताना गोठ्याच्या दारात त्याचं शिंग दबलं, ते पुढे खाली उतरतच वाढलं. बाजारात लोक हसायचे. आजोबांनी विकला नाही. तो मेला त्या वर्षी त्यांनी हा नंदी कोरला. "ते शिंग असं खाली होतं. कानाले लागे. डावं शिंग खाली म्हूनच तो खैऱ्या. हा कोणाचाही बैल आहे."

मी म्हटलं, तुम्ही आधी सांगितलं नाही.

"तू इचारलं कुठं?"

काकू आत निघून गेल्या. त्यांना माहीत होतं. त्यांना वाटलं, मशीनला समजत असेल.

चाकाचे सगळे दात एकसारखे असतात, असावेच लागतात. बैलाचं तसं नाही. हे कळायला मशीन लागत नाही, आठवीही लागत नाही. आमच्याच घरी दोन बैल होते, दोघांची शिंगं वेगळी होती.

मोजमाप चुकलेलं नाही. जे मोजलंच नव्हतं ते मी मनाने भरलं.

३० जुलै, बुधवार
भाऊ म्हणतात, "रंग मारला का कोण पाह्यते? थोडं घासून खाली करून टाक." मी म्हटलं, किती खाली? ते म्हणाले, अंदाजानं. मी म्हटलं, अंदाजानेच तर झालं.  भाऊ म्हणाले, "तर तूच बोल मास्तरशी. मी नाही बोलत. मले भूमितीत नापास करणारा मास्तरच होता, तेव्हापासून मी त्या जातीशी बोलत नाही."

२ ऑगस्ट, शनिवार
सरांना फोन. काय बोलायचं ते आधी कागदावर उतरवलं. चार वाक्यं. दुसऱ्या वाक्यातच त्यांनी अडवलं.

"दादानं पाठवलं का तुला?"
"नाही सर. वहिनींचं काम आहे. पण आज फोन मी माझ्या मनानं केला. माझी चूक झाली म्हणून."
"काय चूक?"
"उजवं शिंग पलटवून डावीकडं लावलं."

  सर हसले. पहिल्यांदाच ऐकलं त्यांना हसताना, वर्गात कधी नाही.

"आणि दादानं ओळखलं."
"हात लावून."
"ओळखणारच. उद्या ये. पण शिंग मी देणार नाही. इथंच, माझ्यासमोर काय करायचं ते कर."

३ ऑगस्ट, रविवार
पांढुर्णा. बसमध्ये मशीन मांडीवर. शेजारच्याने विचारलं, बाजा आहे का? हाव म्हटलं.

सरांनी कपाटातून शिंग काढलं. मुलांच्या प्रमाणपत्रांच्या फाईलखाली, रुमालात. टोक गुळगुळीत, तुटलेली बाजू तशीच कच्ची, एकेक रेषा शाबूत. त्यांनी ती घासली नव्हती, त्यावर काही लावलं नव्हतं. तसं केलं असेल याचीच मला भीती होती. शिंग खरंच खाली वळलेलं आहे, आणि टोकाशी किंचित मागे. हे मला कोणत्याच अंदाजाने आलं नसतं.

घरून चाळलेली राख डबीत नेली होती. सरांच्या मुलीने पडदे ओढले. चादरही लावली, न सांगता.

सरांनी विचारलं, हे चालतं कसं? मी पट्ट्यांचं सांगितलं. ते ऐकत ऐकत टेबलावर बोटाने त्रिकोण काढू लागले. "इथं प्रोजेक्टर, इथं कॅमेरा. मधलं अंतर तुला माहीत. दोन्हीकडचे कोन माहीत. मग वरचा बिंदू कुठं पळून जाणार आहे?" मी म्हटलं, हो सर, तेच. "मग तुझी मशीन आठवीचं गणित करते." मुलगी म्हणाली, "बाबा, तो पाहुणा आहे, विद्यार्थी नाही."

मी तेव्हा सांगितलं, विद्यार्थी होतो. दुसऱ्या बाकावर, खिडकीकडून. सरांनी मला नीट पाहिलं. आठवलो नाही. तसं त्यांनी सांगितलंही, उगाच आठवल्यासारखं केलं नाही, ते मला आवडलं.

"पुढं का नाही शिकला?"
"दहावीत सुटलं. मग आयटीआयचं एक वर्ष."
"त्रिकोण तर येतो."

तुटलेली बाजू अकरा वेळा घेतली. दर वेळी शिंग त्यांनीच फिरवून ठेवलं. मला हात लावू दिला तो फक्त राख पुसताना.

जाताना दारात म्हणाले, "दादाचा गुडघा कसा आहे?" मी म्हटलं, खाटेवरून उठताना धरतात. "तेल लावत नसेल. नंदीले लावते म्हणा सगळं घर."

५ ऑगस्ट, मंगळवार
शिंग आणि नंदी. दोन वेगळ्या गावी, दोन वेगळ्या दिवशी घेतलेली मापं. हाताने जवळ आणली, मग कंप्युटरला जुळवायला सांगितलं. शिंग थोडं सरकलं, थोडं वळलं, आणि बसलं. तुटल्याच्या सगळ्या रेषा एकमेकींत गेल्या. भाऊंना बोलावलं. ते खुर्ची ओढून बसले, स्क्रीन फिरवफिरवून बघितलं.

"हे आता खाली आहे."
"हो."
"वाईट नाही दिसत बे."

एकाच ठिकाणी, मुळाशी, तांदळाच्या दाण्याएवढी फट. ओढताना तिथली ढलपी पडली असेल. भरायची की नाही? मनाने भरायचं नाही असं ठरवलं होतं. दोघांना वेगवेगळा फोटो पाठवला, काहीही न लिहिता.

संध्याकाळी काकूंच्या फोनवरून काकांचा आवाज: "चांगलं आहे. पण मुळापाशी ते भोक काय आहे?"
अर्ध्या तासाने सरांचा मेसेज: "उत्तम. मुळाशी जी फट दिसते ती कशाची?"

दोघांनाही तेच उत्तर दिलं: तेवढं लाकूड कोणाकडेच नाही. भरू का?
काका: भर.
सर: भरावी.

भरली.

१३ ऑगस्ट, बुधवार
दोन्ही नंदी कोरून झाले. एकाच फळीतून, नाहीतर रेषांवरून वाद. चोवीस ठिकाणी मोजले. फरक कागदाच्या जाडीइतकाही नाही. भाऊंनी दोन्ही टेबलावर ठेवले, मला बाहेर पाठवलं, जागा बदलल्या, मग बोलावलं. "सांग, पहिला कोणता?" मला सांगता आलं नाही. ते खूश. मीही.

पहिला, चुकलेला नंदी त्यांनी समोरच्या कपाटात ठेवला होता. काल एकाने विकत नेला. शिंगं सुंदर आहेत म्हणाला.

१७ ऑगस्ट, रविवार
काकूंच्या हातचा खैरा रंग, दोघांना एकाच डब्यातून. त्या दुकानातच येऊन रंगवून गेल्या. जाताना अडचण सांगितली. काकांचं म्हणणं, दोन्ही नंदी रामाकोन्याला आणा, ज्याला पाहिजे तो येऊन नेईल. तिकडे सरांचं म्हणणं, माझा पांढुर्ण्याला पोचवा, मग मी ठरवीन यायचं की नाही.

"आता यात मशीन काय करते?" काकूंनी विचारलं. खरंच विचारत होत्या.

मी म्हटलं, दोन्ही इथेच राहू द्या. सौसर दोघांच्या मधे आहे. दोघांना सांगतो, शुक्रवारी सकाळी दहाला येऊन घेऊन जा, अकराला दुकान पोळ्यासाठी बंद होतं. एकाला दुसऱ्याचं सांगणार नाही.

"खोटं बोलशील?"
"विचारलं तर सांगीन. विचारलं नाही तर नाही."

काकू हसल्या. "मास्तरच्या हाताखालचा आहे खरा."

मी सांगितलं नव्हतं. सरांनी वहिनीला फोन केला असणार. म्हणजे फोन होतात.

१८ ऑगस्ट, सोमवार
दोन फोन केले. काकांनी विचारलं नाही. सरांनी विचारलं.
"दादा येणार आहे का?"
"त्यांनाही तीच वेळ दिली आहे सर."
"हं." मग, "शाळेत बैलांच्या सजावटीची स्पर्धा आहे त्या दिवशी. सुटी मिळते का बघतो."

आलेच नाहीत तर मी पोचवून देणार नाही. हे ठरवून लिहीत आहे, म्हणजे तेव्हा मन बदलणार नाही. पोचवला की दोघांकडे दोन नंदी होतील आणि बोलायला काहीच उरणार नाही. काकूंनी नंदी मागितले होते, पण नंदी हे काम नव्हतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार
दोन्ही नंदी पुसले. दोऱ्या बांधल्या, सारख्याच लांबीच्या. चाकं फिरवून पाहिली. करण्यासारखं काही उरलं नाही, तरी दोनदा दुकानात चक्कर मारली. भाऊ म्हणाले, "काय बे, पोरगी पाहाले येऊन राहिले काय उद्या?"

२२ ऑगस्ट, शुक्रवार, पोळा
दुकानातच लिहीत आहे.

पावणेदहाला वामनकाका आले, काकू नाहीत, एकटे. धुतलेला सदरा. दोन्ही नंदी टेबलावर पाहिले. एकाच्या डाव्या शिंगावर हात ठेवला, मग दुसऱ्याच्या. तिथे हात बराच वेळ राहिला.

"खैऱ्या आहे," म्हणाले. "दोन्ही."

भाऊंनी म्हटलं, "घ्या काका, कोणताही घ्या. गाडीवर बांधून देतो."

काकांनी घेतला नाही. बाक ओढून टेबलासमोर बसले. "त्याले किती वाजताचं सांगितलं?"

विचारलं, म्हणून सांगितलं. दहाचंच.

"त्याले पाहू दे आधी. मास्तर आहे, दोघांत काही ना काही खोट काढन. मले उरला तो चालते."

साडेदहाला सरांचा मेसेज आला: निघालो. एवढाच. सौसरसाठी निघालो की शाळेतून घरी निघालो, कळत नाही. विचारायला फोन हातात घेतला, परत ठेवला. काकांना फक्त वाचून दाखवला. त्यांनी मान हलवली आणि गुडघा चोळत राहिले.

अकराला भाऊ घरी गेले, बैल धुवायचे होते. चावी माझ्याकडे देऊन गेले. सव्वाअकरा. रस्त्यावर बैल घेऊन पोरं जात आहेत, काका एकेकाची शिंगं बघून काहीतरी पुटपुटतात. पांढुर्ण्याची बस आली तेव्हा दोघांनीही तिकडे पाहिलं. उतरले ते दुसरे लोक होते.

"तुले घरी जाचं असन," काका म्हणाले.

मी म्हटलं, घाई नाही. शटर मी सवयीने अर्धं ओढलं होतं, ते पुन्हा पूर्ण वर केलं, म्हणजे रस्त्यावरून टेबल दिसेल.